परीक्षेला बसवू नकोस

इसवी सन २५०, जून महिन्याची २६ तारीख. इजिप्तच्या फय्यूम भागातल्या एका खेड्यात एक म्हातारा सरकारी समितीपुढे अर्ज घेऊन उभा आहे. नाव ऑरेलियस डायोजिनीस, वडिलांचे नाव साताबूस, वय ७२, ओळखीची खूण उजव्या भुवईवर व्रण. अर्जात त्याने लिहून दिले आहे की, देवांना अर्पण करण्यात आपण आजवर कसूर केलेली नाही, आजही समितीच्या डोळ्यांदेखत अर्पण केले आणि प्रसाद चाखला; तरी तसा दाखला मिळावा. खाली पाहणाऱ्याची सही आणि तारीख.

पपायरसवरचा हा अर्ज आजही शाबूत आहे. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या कोरड्या मातीत टिकले आणि नंतर संशोधकांच्या हाती आले. तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ताटकळलेल्या माणसाला त्यांचा नमुना अनोळखी वाटणार नाही. अर्जदार कोण, राहणार कुठला, विनंती काय, साक्ष कोणाची, सगळे रीतसर. रोमन सम्राट डेशियस याने फर्मान काढले होते की, साम्राज्यातल्या रहिवाशांनी देवांना अर्पण करावे आणि केल्याचा कागद जवळ ठेवावा. हा डायोजिनीस ख्रिस्ती असेलच असे नाही. एका दाखल्यात तर अर्जदार चक्क मंदिराची पुजारीण आहे. बहुतेकांसाठी हा कचेरीतला एक हेलपाटा होता. ख्रिस्ती माणसासाठी मात्र त्या टेबलावर चिमूटभर धुपाच्या एका बाजूला घरदार होते आणि दुसऱ्या बाजूला तुरुंग, छळ, कदाचित मरण.

त्या टेबलाकडे चालत जाणारा ख्रिस्ती माणूस सकाळी घरून जी प्रार्थना म्हणून निघाला असेल, तिच्यात नेमके याच गोष्टीबद्दल एक मागणे होते.

येशूने शिष्यांना शिकवलेली ही ‘प्रभूची प्रार्थना’ मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आहे आणि लूकच्या शुभवर्तमानात अकराव्या. जगभरातले ख्रिस्ती लोक ती रोज म्हणतात, वसईच्या मिस्सेत आणि अहिल्यानगरच्या उपासनेतही म्हणतात. रोजची भाकर मागून झाली, पापांची क्षमा मागून झाली की शेवटाकडे हे मागणे येते : देवा, आम्हाला तिथे नेऊ नकोस. ‘तिथे’ म्हणजे कुठे, याचे उत्तर एका ग्रीक शब्दात आहे, ‘पैरास्मोस’. त्याचा अर्थ परीक्षाही होतो आणि मोहही. इथूनच सगळा घोळ सुरू होतो.

हा घोळ २०१७ च्या डिसेंबरमध्ये जगभर बातमीचा विषय झाला. इटलीच्या एका कॅथलिक दूरचित्रवाणी वाहिनीवर पोप फ्रान्सिस या प्रार्थनेच्या एकेका ओळीवर बोलत होते. समोर होते पादुआच्या तुरुंगात सेवा करणारे एक धर्मगुरू. या ओळीपाशी येताच पोप म्हणाले की, प्रचलित भाषांतर चांगले नाही. पडतो तो माणूस. देव त्याला ढकलून, आता कसा पडतो ते पाहू, म्हणत उभा राहत नाही. बाप असे करत नाही, बाप हात देऊन उठवतो. मोहात ओढण्याचे काम सैतानाचे.

फ्रेंच बिशपांनी त्याआधीच हालचाल केली होती. १९६६ पासून फ्रेंच लोक देवाला ‘आम्हाला मोहाच्या हवाली करू नकोस’ अशा अर्थाचे काही म्हणत आले होते. ३ डिसेंबर २०१७ पासून, म्हणजे नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून, ते ‘मोहात शिरू देऊ नकोस’ अशा वळणाचे झाले. इटलीने नव्या उपासनाग्रंथात ओळ बदलली आणि २९ नोव्हेंबर २०२० पासून ती रूढ केली. जर्मन बिशपांनी मात्र जानेवारी २०१८ मध्ये विचारविनिमय करून नकार दिला. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भक्तांना हा वाद कळण्याचेच कारण नव्हते. त्यांच्या भाषेत देवाला पूर्वीपासून ‘पडू देऊ नकोस’ असेच सांगितले जाते. पोर्तुगीज वळणावर घडलेली गोव्याची कोकणी प्रार्थनाही ‘पडू देऊ नकोस’ असेच म्हणते. तिच्यातला शब्द आहे ‘ताळणी’. मराठी कानाला त्यात हिशेबाचा ताळा आठवतो.

मराठीत या जागी दोन शब्द फिरत आले आहेत, ‘परीक्षा’ आणि ‘मोह’. बायबल सोसायटीच्या मराठी बायबलमध्ये ‘परीक्षा’ आहे. प्रवचनात आणि बोलण्यात ‘मोह’ जास्त ऐकू येतो. वरवर पाहता फरक किरकोळ वाटेल, पण दोन्ही शब्द मराठी मनात वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. मोह म्हटला की मधुमेही माणसापुढची श्रीखंडाची वाटी, शेजाऱ्याची गाडी, फार तर पराई स्त्री किंवा पराया पुरुष. मोह आतून येतो, गोड असतो, त्याला बळी पडणाऱ्याकडे लोक थोडे हसून पाहतात. परीक्षा बाहेरून येते. तिला तारीख असते, प्रश्नपत्रिका दुसऱ्याने काढलेली असते, आणि तिच्यात नापास होता येते.

डेशियसच्या टेबलापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला ‘मोह’ झाला होता, असे कोणी म्हणणार नाही.

पोप फ्रान्सिस यांच्या बोलण्यात बापाबद्दल जे आहे ते खरेच आहे, आणि त्याला बायबलचा आधारही आहे. याकोबाच्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे की, देव कोणालाही मोहात पाडत नाही. गंमत अशी की, त्याच अध्यायात थोडे वर याकोब वाचकांना सांगतो, नाना परीक्षा आल्या तर आनंद माना. ग्रीकमध्ये दोन्हीकडे मूळ शब्द एकच. भाषांतरकाराला एकाच पानावर एका शब्दाला दोन कपडे चढवावे लागतात. तरीही मूळ ग्रीक प्रार्थनेचे क्रियापद ‘आत आणणे’ असेच आहे, मत्तयातही आणि लूकमध्येही, अक्षरशः तेच. भाषांतर वाईट होते असे म्हणणे म्हणूनच अवघड आहे. अवघड आहे ती मूळ ओळ.

जुन्या लोकांना हे टोचत नव्हते असे नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन हा तिसऱ्या शतकातला माणूस. त्याच्याकडे ही ओळ ‘आम्हाला नेले जाऊ देऊ नकोस’ अशी होती, म्हणजे फ्रेंच बिशपांनी केलेली दुरुस्ती सतराशे वर्षे आधीच प्रचारात होती. विसाव्या शतकातले जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांनी या ओळीच्या पाठीमागचे सेमिटिक भाषेचे वळण दाखवून दिले. यहुदी लोकांच्या सकाळच्या प्रार्थनेत, जी त्यांच्या ताल्मूद या धर्मग्रंथात नोंदलेली आहे, असेच मागणे आहे : मला पापाच्या, परीक्षेच्या, अप्रतिष्ठेच्या हाती नेऊ नकोस. तिथे देव मुद्दाम नेतो असा आरोप कोणाच्या मनात नाही. आजी घराबाहेर पडताना ‘देवा, वाईट वेळ आणू नकोस रे बाबा’ म्हणते, तेव्हा वाईट वेळेची पाकिटे देव स्वतः वाटतो, असा सिद्धान्त ती मांडत नसते. ती हात जोडते, एवढेच.

सिप्रियनकडे परत जायला हवे, कारण त्याने ही ओळ अभ्यासिकेत बसून वाचलेली नाही. डेशियसचे फर्मान निघाले तेव्हा तो कार्थेज सोडून लपला. लोकांनी त्याला नावे ठेवली. लपलेल्या जागेवरून तो पत्रे लिहून मंडळी सांभाळत होता आणि इकडे शहरात त्याचीच माणसे पटापट पडत होती. त्याने नंतर जे लिहिले आहे ते वाचताना अंगावर काटा येतो. बोलावणे येण्याआधीच लोक चौकाकडे धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी उद्या या म्हणाले, तर आजच उरका म्हणून त्यांची मनधरणी केली. काहींनी अर्पण केलेच नाही. अधिकाऱ्याचे हात ओले करून नुसता दाखला मिळवला. चर्चला त्यांच्यासाठी वेगळा शब्द काढावा लागला, ‘लिबेलातिची’, म्हणजे दाखलेवाले. छळ ओसरल्यावर ही सगळी माणसे परत दारात उभी राहिली. आत घ्यायचे की नाही? किती वर्षे प्रायश्चित्त? दाखला विकत घेणारा आणि खरोखर धूप टाकणारा यांना एकाच मापाने मोजायचे का? या भांडणाने चर्च दुभंगले. सिप्रियनने प्रभूच्या प्रार्थनेवरचा आपला ग्रंथ लिहिला तो याच सुमारास. पुढे २५८ च्या सप्टेंबरमध्ये तो स्वतः पकडला गेला, डगमगला नाही, आणि तलवारीने मारला गेला. एकदा लपलेला माणूस दुसऱ्यांदा टिकला. तो कधी काय करेल हे आधी कोणालाच सांगता आले नसते, बहुधा त्यालाही.

याच्या शंभरेक वर्षे आधी स्मिर्ना शहरात, आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्मीरमध्ये, क्विंटस नावाचा एक गृहस्थ होता. तो स्वतःहून पुढे झाला, मला पकडा म्हणाला, इतरांनाही चिथावले. आखाड्यातली जनावरे दिसली आणि त्याचे पाणी पाणी झाले. त्याने शपथ घेतली, धूप टाकला. वृद्ध बिशप पॉलिकार्प उलट मित्रांच्या आग्रहावरून शेतावरच्या घरी जाऊन लपला, शोधून काढल्यावर शांतपणे गेला आणि जाळला गेला. ही हकिगत लिहिणाऱ्या मंडळींनी क्विंटसवर शेरा मारून ठेवला आहे की, आपणहून पुढे होणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही. हुतात्म्यांचा एवढा गौरव करणाऱ्या धर्माने सुरुवातीलाच ही ताकीद लिहून ठेवली, हे आज कोणी फारसे सांगत नाही.

मराठी वाचकाला हे जरा विचित्र वाटेल, कारण त्याच्या घडणीत परीक्षेला फार मान आहे. देव सत्त्व पाहतो आणि भक्त उतरतो, ही कथा इथे मुलांना अंगाईबरोबर मिळते. श्रियाळ राजा आणि चांगुणा यांच्या दारी शंकर अतिथी होऊन आला आणि त्याने त्यांच्या चिलयाचेच मांस मागितले. डोळ्यांत पाणी येऊ न देता आईने पोटच्या पोराचे मस्तक उखळात कांडले. शेवटी चिलया उठून आला म्हणून कथा गोड झाली. श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’ने ती घरोघर नेली. बायबलमध्येही तिची सख्खी बहीण आहे : अब्राहाम आपल्या इसहाकाला डोंगरावर नेतो, सुरी उचलतो, ऐन वेळी हात थांबवला जातो. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायाची सुरुवातच देवाने अब्राहामाची परीक्षा घेतली या विधानाने होते, आणि त्याच्या जुन्या ग्रीक भाषांतरात क्रियापद आहे ‘पैरास्मोस’च्याच कुळातले. मग देव परीक्षा घेत नाही असे कसे म्हणायचे?

म्हणू नयेच. घेतली असेल. पण अब्राहामाचे नाव घेणाऱ्या परंपरेनेच पुढे रोज सकाळी परीक्षा नको म्हणून मागणे मागितले, हे जास्त बोलके आहे. ताल्मूदमध्ये दावीद राजाची एक गोष्ट येते. दावीद देवाला विचारतो, लोक अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव असे म्हणतात. दावीदाचा देव असे का म्हणत नाहीत? देव म्हणतो, त्यांची परीक्षा झाली, तुझी कुठे झाली? दावीद म्हणतो, मग घे. देव त्याला विषयसुद्धा आधी सांगून टाकतो. पेपर फुटलेला, तरीही राजा नापास. संध्याकाळी गच्चीवर फिरताना त्याला बथशेबा दिसते, आणि त्या नजरेचा शेवट तिच्या नवऱ्याला लढाईत पुढे उभे करून मारवण्यात होतो. रब्बींनी यावरून काढलेला धडा साधा आहे : माणसाने परीक्षा ओढवून घेऊ नये.

भागवतातली कुंती याच्या अगदी उलट टोकाला उभी आहे. कृष्ण द्वारकेला निघाला तेव्हा तिने त्याच्याकडे संकटेच मागितली, कारण संकटात त्याचे दर्शन घडत होते. कुंतीचे मागणे थोर आहे, यात शंका नाही. पण ते लाक्षागृहातून आणि वनवासातून तावून निघालेल्या बाईचे मागणे आहे. गालिलीच्या कोळ्यांना येशूने जे शिकवले ते त्या उंचीवर पोचण्याची अपेक्षाच करत नाही. ती सामान्य कुवतीच्या माणसांची प्रार्थना आहे.

त्या कोळ्यांपैकी पहिला पेत्र. शेवटच्या भोजनाच्या रात्री तो छाती ठोकून म्हणाला की, बाकीचे सोडून गेले तरी मी सोडणार नाही. काही तासांनी गेथशेमाने बागेत येशू त्याला उठवत होता आणि तेच जुने मागणे पुन्हा शिकवत होता : जागे राहा, परीक्षेत सापडू नये म्हणून प्रार्थना करा. पेत्र झोपला. पहाटेपूर्वी मुख्य याजकाच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी तो हात शेकत बसला असता एका मोलकरणीने विचारले, तूही त्याच्यातलाच ना? तिच्या हातात ना तलवार होती, ना दाखला देण्याचा अधिकार. रोमन सुभेदारासमोर काय बोलायचे याची पेत्राने मनात तयारी केलीही असेल. परीक्षा घ्यायला आली मोलकरीण. तीन वेळा तो नाही म्हणाला. त्याच बागेत येशूनेही हा प्याला टळेल तर टळो, असेच मागितले होते. ज्याने शिकवले त्यालाही परीक्षा नको होती.

महाराष्ट्राचा या कथेशी एक थेट धागा आहे. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन बंधू म्हणून जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. वसईकर त्याचा सण अभिमानाने साजरा करतात आणि करावाच. पण नागासाकीची गोष्ट तिथे संपली नाही. नंतरची दोन शतके जपानी अधिकारी गावकऱ्यांना रांगेत उभे करून येशूच्या किंवा मारियेच्या कोरीव चित्रावर पाय ठेवायला लावत. बहुतेक जण ठेवत. घरी जाऊन क्षमा मागत आणि पुढच्या वर्षी पुन्हा ठेवत. शुसाकू एन्दो या जपानी लेखकाने १९६६ मध्ये ‘सायलेन्स’ ही कादंबरी लिहिली ती या पाय ठेवणाऱ्यांवर. त्यातला किचिजिरो पुन्हा पुन्हा पडतो, आणि त्याची तक्रार अशी की, सुखाच्या काळात जन्मलो असतो तर मीही चांगला ख्रिस्ती म्हणून मेलो असतो. तक्रारीत खोट काढता येत नाही. आज वसईत किंवा पुण्यात सुखाने रविवारची मिस्सा ऐकणाऱ्यांपैकी कितीजण केवळ काळ बरा म्हणून चांगले आहेत?

हा प्रश्न श्रद्धेपुरता नाही. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये येल विद्यापीठात केलेला प्रयोग अनेकांना ठाऊक असतो. उत्तर चुकले की पलीकडच्या माणसाला विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला जास्त. झटके खोटे, ओरडणारा नट; पण बटण दाबणाऱ्याला ते माहीत नाही. आधी मनोविकारतज्ज्ञांना विचारले तेव्हा त्यांचा अंदाज होता, हजारात एखादाच शेवटपर्यंत जाईल. ४० जणांपैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली आणि ती वाचण्यासारखी आहे. पण त्याचा दुसरा भाग क्वचित सांगितला जातो. बटणापाशी आणखी दोघे बसवले आणि त्या दोघांनी मध्येच नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त चौघे शेवटपर्यंत गेले. माणसे तशीच, बटण तेच. शेजारी कोण होते एवढाच फरक.

प्रभूच्या प्रार्थनेत ‘मी’ कुठेच नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘आम्ही’ आणि ‘आम्हाला’. परीक्षा नको हे मागणेही अनेकवचनी आहे. म्हणजे शेजाऱ्यालाही परीक्षेला बसावे लागू नये, असे म्हणणारा तोंडाने कबूल करतो. मग त्याच्याकडून काही अपेक्षा निर्माण होतात. दुसऱ्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, असे मत्तयाच्याच शुभवर्तमानात येशू म्हणतो. क्रिकेटच्या प्रत्येक षटकामागे पैसे लावायला शिकवणाऱ्या ॲपच्या जाहिराती वर्षानुवर्षे नामवंत चेहऱ्यांनी केल्या. कर्जात बुडालेल्या पोराला लोकांनी ‘मोह आवरता आला नाही’ म्हटले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये. तोवर परीक्षक मजेत होते आणि नापासांची यादी तेवढी रोज छापून येत होती.

दुसऱ्याला परीक्षेपासून वाचवणे हेही आपलेच काम, हे पंडिता रमाबाईंनी फार आधी ओळखले होते. त्यांनी स्वतः दुष्काळात आई-वडील गमावले होते, उपाशी पायपीट केली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. भुकेने मेटाकुटीला आलेली मुलगी दलालाच्या हाती लागली की तिच्यापुढे कोणती निवड उरते, हे त्यांना सांगायला नको होते. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी या मुलींना आधी खायला घातले, मग अक्षर शिकवले, छापखान्यावर काम दिले. त्याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये निधनापूर्वी ते काम हातावेगळे केले. परीक्षेत नेऊ नकोस म्हणजे काय, हे त्यांनी कागदावर उतरवले आणि गाड्या भरभरून मुली आणून दाखवलेही.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियात एका आईने तर याहून साधा उपाय केला. नवरा लिओनिदस ख्रिस्ती म्हणून तुरुंगात, आणि सतराव्या वर्षातला थोरला मुलगा ओरिजेन, बाबांबरोबर मलाही मरायचे म्हणून हट्टाला पेटलेला. विनवण्या झाल्या, उपयोग नाही. शेवटी तिने त्याचे कपडे लपवून ठेवले. उघडा बाहेर जाणार कसा? पोरगा घरात राहिला आणि पुढे ग्रीक जगातला सर्वांत मोठा ख्रिस्ती पंडित झाला. प्रार्थनेवर त्याने एक ग्रंथ लिहिला आणि त्यात याच ओळीची उकल केली. डेशियसच्या काळात म्हातारपणी त्याला पकडून साखळदंडात ठेवले, हाल केले, तेव्हा तो टिकला. सतराव्या वर्षी टिकला असता का, हे त्या माउलीने पाहायचे नाकारले.

मराठीत ही प्रार्थना पुन्हा नव्याने मांडायला जी समिती बसेल, तिने म्हणून ‘परीक्षा’ हा शब्द हलवू नये. तो देवाला बरा दिसत नाही, ही हरकत प्रवचनात निस्तरता येते. तिच्यासाठी ओळ गुळगुळीत करण्याची गरज नाही. ‘मोह’ घातला तर म्हणणाऱ्याला श्रीखंड आठवेल. ‘परीक्षा’ राहिला तर निदान निकालाची भीती आठवेल, आणि तीच या ओळीचा जीव आहे.

ख्रिस्ती असो वा नसो, एक गोष्ट मात्र प्रत्येकाला उद्यापासून सोडता येईल. रुग्णालयाच्या व्हरांड्यात, तेराव्याला, कर्करोगाचा अहवाल हातात घेऊन बसलेल्या माणसापुढे आपण सर्रास म्हणतो, ‘देव चांगल्याच माणसांची परीक्षा पाहतो हो.’ म्हणणाऱ्याचा हेतू बरा असतो. पण ऐकणारा त्या क्षणी आजारी तर असतोच, वर उमेदवारही होतो. आता रडलो तर मार्क जातील, अशी धास्ती त्याला लागते. त्याने स्वतः तसे म्हटले तर तो त्याचा आणि त्याच्या देवाचा प्रश्न. आपण डबा घेऊन जावे, एखादी रात्र खाटेशेजारी बसावे, औषधांच्या रांगेत त्याच्याऐवजी उभे राहावे आणि परीक्षेचे नाव काढू नये.